ओरडणारे बाबा

मी स्टुडिओत शिरले, तर तो चक्क माझ्या अंगावरच येऊन आदळला. डोळ्यांवर भलामोठा व्हीआर हेडसेट, दोन्ही हात हवेत.

"सॉरी… इथे भिंत नव्हती मघाशी."

"भिंत? मी माणूस आहे! माझ्या बाबांचा सत्यानाश कोणी केलाय, त्याला बोलवा आधी!"

त्यानं हेडसेट काढला. मेल्याचे डोळे छान होते. त्यामुळे मला जास्तच राग आला.

"मीच तो," तो म्हणाला. "आणि तुम्ही त्या — उलट उत्तरं देणाऱ्या!"

माझे बाबा गाडी शिकवायचे; मलाही त्यांनीच शिकवली. गाडीतल्या कॅमेऱ्यात सगळं रेकॉर्ड व्हायचं. ते गेल्यावर दादानं ती रेकॉर्डिंग्ज या स्टुडिओला दिली. हेडसेट घातला की आपण स्टिअरिंगवर, शेजारी बाबा. काल मी बसले. गाडी बंद पडली आणि बाबा लाडानं म्हणाले, "काही हरकत नाही, बाळा." बाबा! जन्मात कधी मला बाळा म्हणाले नाहीत! तेव्हापासून तोच गुळचट आवाज कानात, खरा काही केल्या आठवेना.

"तुमचे दादाच म्हणाले, ओरडणं काढा. आईला त्रास होईल."

"दादा अतिशहाणा आहे! बाबा ओरडले नाहीत की आई थर्मामीटर शोधायची."

तो हसला. "पुसलं नाहीये मी काही. खरं सांगू? जेवताना ऐकतो. ते ओरडतात, तुम्ही त्यांच्या दुप्पट…"

"लोकांची भांडणं ऐकत जेवता?"

"लोकांची नाही. तुमचीच."

माझे गाल तापले. रागानंच, असं मी स्वतःला बजावलं.

"बसा… थांबा, केस अडकतायत." त्यानं अलगद माझी बट सोडवली, हेडसेटचा पट्टा बसवला आणि मूळ रेकॉर्डिंग लावलं.

"क्लच! क्लच म्हणजे काय पायपुसणं आहे?"

बाबा! तोच खरखरीत आवाज! "मग नीट सांगा ना!" मी किंचाळले. आणि मग थांबवेचना. "न सांगता गेलात कसे? सकाळी भांडून निघाले मी, संध्याकाळी तुम्ही नाहीतच! ही काय पद्धत झाली?"

बाबा रस्त्याकडे बघत राहिले. इंजिन घरघरत राहिलं. मी वाट पाहिली.

शेवटी मीच हेडसेट काढला. "उत्तर देत नाहीत ते."

"अशा वेळेसाठी आमच्याकडे तयार वाक्यं असतात," तो खाली बघत म्हणाला. "'मी इथेच आहे', 'रडू नकोस'… कुणाच्याही आवाजात बसवतो. तुमच्या बाबांच्या तोंडी घालवेना मला. ते असं बोललेच नसते."

बाबा गेल्यापासून सगळे मला समजावत होते. हा एकटाच समजावत नव्हता.

"मला भयंकर राग आलाय," मी म्हणाले.

"येऊ दे. मी आहे."

"उद्याही येईल."

"उद्याही असेन. रोज… असलो तर चालेल? तुम्ही आवडता मला. ओरडता तेव्हा तर फारच."

"चालेल!" मी खेकसले. आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून मोठमोठ्यानं रडले.