जोडतूप

२०६३ सालापासून औषधाच्या दुकानात गोळ्यांसोबत तुपाचा डबाही मिळू लागला. त्याला जोडतूप म्हणत. आपण महिनोन्‌महिने जे तेल-तूप खातो, त्यातूनच यकृताच्या पेशींच्या भिंती घडतात. जालीम औषध पचवताना जी विषं निघतात ती याच भिंतींवर घाला घालतात. करडईसारख्या पातळ तेलाची भिंत लवकर करपते, जोडतुपाची तग धरते. म्हणून ज्याचं औषध त्याचं तूप, दुसऱ्याकडचा घासही नको, असा नियमच होता.

कीर्तनकार जनार्दनबुवा शेटे मणक्याच्या क्षयासाठी वर्षभराच्या गोळ्या घेत होते. चौथ्या महिन्यात त्यांचे डोळे पिवळे झाले.

बाहेर कुठं जेवता का, असं डॉक्टर नसरीन बागवान यांनी विचारलं. छे, घरचंच, जोडतुपातलं, बुवा म्हणाले. मग रक्तात एवढी करडई आली कुठून? बुवा गोंधळले. आठवड्याला तीन कीर्तनं, प्रत्येकानंतर पंगत; पुऱ्या, बुंदी. हे सांगायचं असतं, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"अहो, तो प्रसाद. त्याला जेवण कसं म्हणायचं?"

"तुम्ही नका म्हणू, बुवा. यकृत म्हणतं."

गोळ्या थांबवल्या तर मणका जाणार, असंच खात राहिलं तर यकृत. कीर्तन सोडू नका, माझी अम्मीसुद्धा ऐकते, पण पंगतीत आपला डबा काढा, असं डॉक्टरांनी बजावलं.

पंगतीत आपलं वेगळं काढलं की देव तिथून उठून जातो, हे तीस वर्षं बुवाच तर सांगत आले होते.

बोरखेडवाडीच्या सप्ताहात काल्याचं कीर्तन झालं. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या, हे बुवांनी सांगितलं. मग पंगतीत बसून, मान खाली घालून त्यांनी डबा उघडला.

कुणी रागावलं नाही. समोरच्या रांगेत एका पिशवीची चेन वाजली. मग दुसरी. कुणाचं औषध फेफऱ्यावरचं, कुणाचं सांध्यांवरचं. बघता बघता अर्ध्या पंगतीनं आपापले डबे काढले. वाढपी बुंदीची बादली घेऊन उभेच राहिले.

रखमाबाई कवडे बायकांच्या पंगतीतून उठून जवळ आल्या.

"बरं झालं बुवा, तुम्ही आधी काढला. लोकांना धीर आला."

बुवांना जरा हायसं वाटलं. त्यांनी त्यांच्या यजमानांची चौकशी केली, यंदा दिसले नाहीत म्हणाले.

"ते मागच्या वर्षीच्या काल्यानंतर गेले, काविळीनं," रखमाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या शेजारीच बसले होते. डबा पिशवीतच राहिला."