आत वळलेले बूट

हिसाएचं कुणी म्हणून खरं मानलं नाही. "कडी मी लावली होती, या हातांनी लावली होती," असं ती सकाळपासून घसा फोडून सांगत होती, आणि मालकीणबाई म्हणत होत्या, "लावली असशील गं, स्वप्नात." आता तुम्हीच ऐका आणि ठरवा. नोव्हेंबरातला दुसरा शुक्रवार, थंडी नुकती पडायला लागलेली.

हिसाए त्रेपन्न वर्षांची, आमच्या देवीच्या बेटावरच्या पाहुणेघरात तीस वर्षं राबलेली. तोंडाने फटकळ, पण कामाला चोख. त्या दिवशी पलीकडच्या काठावरच्या शाळेतली बारा-तेरा वर्षांची पोरं एका रात्रीच्या मुक्कामाला आली होती. जेवणं झाली, गाद्या घालून झाल्या. मग उरतं ते दाराशी बूट लावणं. माणूस घरात शिरतो तेव्हा बुटांची टोकं आतल्या बाजूला असतात. ती फिरवून दाराकडे करायची, म्हणजे सकाळी निघताना पाय सरळ आत जातो. शाळकरी पोरांच्या बुटात टाचेशी नाव लिहिलेलं असतंच, त्यामुळे घोळ होत नाही.

नऊ वाजता पोरांची धीटपणाची परीक्षा होती. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या, कंदील घेऊन देवळापर्यंत जायचं, सरांनी आधी ठेवलेली लाकडी पट्टी घेऊन यायचं. सगळ्या जोड्या हसत-किंचाळत गेल्या. एक पोरगी तेवढी पायरीवर नखं कुरतडत बसून राहिली.

"तू का गं नाही गेलीस?"

"एकटीच उरले, मावशी. त्सुगुमीला रुरी मिळाली." ही वाकाना. "रुरी दोन महिन्यांपूर्वी शाळेत आली. त्सुगुमी न् मी बालवाडीपासून एकत्र. आता त्या दोघी एका रंगाच्या रिबिनी लावतात. मला विचारलंसुद्धा नाही."

"मेली ती रुरी!" हिसाए म्हणाली, आणि तसं म्हणून टाकल्यावर तिला बरं वाटलं. एकेचाळीस वर्षं झाली, तरी पोटातला तो निखारा विझला नव्हता. "माझीही होती एक. नोबुए. तुझ्याएवढीच. शहरातून माचिको नावाची एक भवानी आली न् माझ्या नोबुएला पळवलंन् तिने. कालवं वेचायला म्हणून देवळासमोर समुद्रात उभ्या त्या लाल कमानीपाशी घेऊन गेली. भरतीत सापडल्या. माचिको पोहत आली. नोबुए नाही आली."

"म्हणजे माचिकोचीच चूक."

"नाहीतर कुणाची? मी तर माझे नवे बूट काढून दिले होते नोबुएला. म्हटलं, कालवांनी पाय फाटतील तुझे."

वाकाना उठली. डोळे पुसलेन्. "जाते मी एकटीच. बघू दे त्यांना."

दहाला दहा कमी असताना ती परत आली. मागून आणखी एक पोरगी आली. लहानखुरी, ओल्या केसांची. मान खाली घालून जिना चढून गेली.

"मिळाली वाटतं जोडीदार?"

वाकाना हसली. "मिळाली."

दुसऱ्या वर्गातली असेल, असं हिसाएला वाटलं. ती बूट लावायला बसली. शेवटची जोडी लाल कापडी बुटांची, छोटी. पाण्याने निथळत होती. "भिजून आली कार्टी," असं पुटपुटत तिने टोकं दाराकडे केली आणि दाराला कडी घातली.

बाराला दिवे मालवायला गेली, तर सगळे बूट जागच्या जागी. लाल जोडी मात्र आत वळलेली.

"कुणाचा गं चावटपणा हा?" जिन्याकडे बघून ती ओरडली. तिने जोडी पुन्हा फिरवली. बूट बर्फासारखे गार होते.

दोन वाजून दहा मिनिटांनी ती जागी झाली. टप... टप... थेंबांचा आवाज. उठून दाराशी गेली. लाल बूट नव्हते. वाकानाचेही नव्हते. जमिनीवर पाण्याचा ओघळ... थेट दारापर्यंत.

कडी आतून लागलेली.

ती कडी हिसाएने स्वतः काढली. पुढे सगळ्यांना दार उघडंच दिसलं, म्हणून कुणी विश्वास ठेवला नाही. पण तेव्हा कुणाला सुचतंय? ती अनवाणी धावत सुटली.

भरती चढत होती. वाकाना कमरेइतक्या पाण्यात. कमानीकडे चाललेली. सावकाश. एक हात बाजूला धरलेला... लहान मुलीचा हात धरावा तसा.

"वाकाना!"

ती वळली. चेहऱ्यावर झोप.

"ती म्हणते, आज अंधार पडेपर्यंत पाणी येत नाही."

"कोण म्हणते?"

"...तुम्हीच सांगितलंत ना तिला."

हिसाए कोळ्याची पोर. भरती-ओहोटीच्या वेळा तिला तोंडपाठ. आणि त्या दिवशी, बूट देताना, तिनेच हसत सांगितलं होतं... जा, घाई नको, आज पाणी उशिरा येईल. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही.

"नोबुए..."

ती पाण्यात शिरली.

"सोड तिला, नोबुए. तिने... तिने अजून कुणाला खोटं सांगितलेलं नाही."

मग वाकानाचा हात एकदम खाली पडला. हिसाएने तिला केसाला धरून काठावर ओढली.

सकाळी आठच्या बोटीची घाई. ब्लँकेटात गुंडाळलेल्या वाकानाला त्सुगुमी बिलगून बसली होती. रुरी लांबून बघत होती. सरांनी कागद काढला. "शाळेला कळवावं लागेल. चूक कुणाची म्हणून लिहू?"

"हिची!" मालकीणबाई म्हणाल्या. "दार उघडं टाकून झोपली."

"माझी नाही," हिसाए म्हणाली. "कडी मी लावली होती. माझी चूक नाही."

पोरं आपापले बूट घालून बाहेर पडली. दाराशी एक जोडी राहिली. लाल, छोटी, ओली. टोकं आत, हिसाएकडे.

"बघा, विसरलं कुणीतरी," मालकीणबाई म्हणाल्या. "आत नाव असेल, सर."

सरांनी एक बूट उचलला. पाणी ओघळलं, वाळू पडली. टाचेशी बघत त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"या नावाची मुलगी नाही आमच्यात."

"पण नाव काय?"

सरांनी बूट उजेडात धरला आणि एकेक अक्षर लावत वाचलं.

"हि... सा... ए."