भट्टीतली पांढरी आग

"साडेआठशे इन्सुलेटर वितळून एकमेकांना चिकटले, आन् शेठ म्हणत्यात, माझा नवरा भट्टीपाशी झोपला हुता! बाई, वीस वर्सांचं काम हाय त्याचं. आज संध्याकाळी काढून टाकनार हायेत!"

बनुबाईचं बोलणं संपायच्या आत सहादेवतात्यांनी जीपची किल्ली उचलली होती. हवालदारकीतून निवृत्त झालेले तात्या आता नगरच्या खाजगी गुप्तहेर रोझी साळवे यांचे जोडीदार होते. डोकं जरा सावकाश चालायचं, पण उत्साह पंचविशीतल्या पोराला लाजवणारा.

विजेच्या खांबांवरचे चिनीमातीचे इन्सुलेटर बनवणारा तो कारखाना शनिशिंगणापूरला. गावच्या रीतीप्रमाणे ना दार, ना कपाटाला कडी. तात्यांचा पोलिसी जीव कासावीस झाला. "अहो, इथं कुणीही येऊन काहीही करून जाईल!"

मालक रविराजशेठ तावातावानं सांगत होते. "भट्टीच्या तापमानाचं मीटर बाराशे ऐंशी अंशांना पोचलं की गॅस बंद करायचा. एवढंच काम! सगळ्या कामगारांसमोर विचारलं मी याला, झोपला होतास ना?"

बनुबाईचा नवरा छगन मान खाली घालून उभा होता. "झोपलो न्हाई, शेठ. मीटरवर बाराशे साठच हुतं, पन आग पांढरीफटक, लई जास्त तापलेली! तुमीच म्हणला हुता, मीटर म्हणंल तेच खरं. संक्रातीपासून दर खेपेला माल जास्तच भाजतोय. सांगून थकलो."

तात्यांना त्याची दया आली, पण विश्वास काही बसेना.

सुपरवायझर अश्विनी पातळ मातीतून जाडजूड लोहचुंबक फिरवत होती. "लोखंडाचे कण राहिले की मालावर डाग पडतात," ती म्हणाली. रोझीबाईंनी भट्टीतल्या, तापमान मोजणाऱ्या कांडीबद्दल विचारताच तिनं नोंदवही काढली. "प्लॅटिनमच्या तारांची आहे. सहा वर्षांत बदललेली नाही. संक्रांतीला मेकॅनिक सुनीलनं मीटर तपासलं, तेवढंच."

"हे लोहचुंबक जरा घेऊ?" रोझीबाईंनी विचारलं.

मीटरचा मेकॅनिक सुनील मुद्दाम नगरहून आला होता. छाती फुगवून म्हणाला, "मीटर ठणठणीत आहे, मॅडम. त्याच्या सेटिंगला चार आकडी नंबर आहे, आणि तो फक्त माझ्या डोक्यात. शेठनासुद्धा माहीत नाही. दुसरं कुणी बोट लावूच शकत नाही. चूक माणसाचीच!"

झालं, प्रकरण मिटलं, असं तात्यांना वाटलं. तेवढ्यात रोझीबाई स्टुलावर चढल्या आणि थंड भट्टीच्या भिंतीतून बाहेर डोकावणाऱ्या कांडीचं झाकण त्यांनी उघडलं. आत दोन तारा. त्यांनी लोहचुंबक जवळ नेलं. एक तार टक्कन येऊन चिकटली!

"शेठ, प्लॅटिनमला लोहचुंबक ओढतं का?"

रविराजशेठ पुढं येऊन तार निरखू लागले.

"या कांडीला थर्मोकपल म्हणतात," रोझीबाई खाली उतरल्या. "दोन वेगळ्या धातूंच्या तारा, टोकाला जोडलेल्या. टोक तापलं की इवलीशी वीज तयार होते, ती मोजून मीटर अंश सांगतं. प्लॅटिनम तेराशे अंश सहज सोसतं. ही मात्र निकेलची स्वस्त जोडी. साडेबाराशेच्या आसपास तिची मर्यादा संपते. ही दर खेपेला आणखी बिघडत गेली आणि खरं तापमान असेल त्याहून कमी सांगायला लागली. छगनदादा जागेच होते. कांडीच खोटं बोलत होती!"

"म्हणजे प्लॅटिनम चोरलं!" तात्या ओरडलेच. "पण दारंच नाहीत, चोर कुणीही असेल की!"

"नाही ना, तात्या! निकेलची जोडी प्लॅटिनमच्या चौपट वीज देते. नुसत्या तारा बदलल्या असत्या, तर मीटर त्याच दिवशी वेड्यासारखं धावलं असतं. चोरानं मीटरच्या सेटिंगमध्येही नवी जोडी निवडली. या अख्ख्या कारखान्यात कुलूप एकच, चार आकड्यांचं. सुनील, तू स्वतःच सांगितलंस, नंबर तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. उघड मीटर, दाखव कोणती जोडी लावलीस."

सुनीलनं मीटरपर्यंत नेलेला हात मागे घेतला. "तारा अजून घरीच आहेत, मॅडम," तो पुटपुटला. तात्यांनी त्याचं मनगट पकडलं. इतका आनंद त्यांना नोकरीतही कधी झाला नव्हता.

"छगन, उद्यापासून ये बाबा," रविराजशेठ हळूच म्हणाले.

छगननं पहिल्यांदाच मान वर केली. "न्हाई, शेठ. समद्यांसमोर म्हणला हुता, झोपला म्हणून. आता समद्यांसमोरच काय ते सांगा."

शेठनी कामगारांना हाक मारली. सगळे जमले तेव्हा ते मोठ्यानं म्हणाले,

"छगन रात्रभर जागा होता. दीड महिना तो मला सांगत होता आणि मी ऐकलं नाही."

बनुबाईनं पदर तोंडाला लावला, आणि छगन कामगारांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला.