वादापुरतं मान्य

आमच्या मोरकॅममध्ये, इंग्लंडच्या या समुद्रकाठच्या गावात, खासगी पार्किंगवाल्यांची पत्रं कुणी वाचत नाही. पोलिसांचा दंड वेगळा, नगरपालिकेचा वेगळा. हे नुसते कंपनीचे कागद, यांना भीक घालायची नाही, असं गल्लीतले सगळे सांगतात. आणि "काही करू नकोस" असा सल्ला देणारा माणूस माझ्या आईला मनापासून आवडतो. तिनं पहिलं पत्र कचऱ्यात टाकलं, दुसरंही टाकलं. वसुलीवाल्यांचं लाल अक्षरांतलं पत्र आलं त्यावर मांजराची बशी ठेवली. मग कोर्टाचा कागद आला आणि ती जिन्याच्या पायरीवर मटकन बसली.

प्रश्न घराचा होता. आमच्या भाड्याच्या घराचा करार उन्हाळ्यात संपत होता, आणि एजंटनं बजावून ठेवलं होतं की तुमच्या नावावर कोर्टाचा निकाल चढला तर नवा करार विसरा.

मी म्हणाले, मी लढते. सतराव्या वर्षी एखादी मुलगी असं म्हणते तेव्हा घरचे हसतात, पण मी वादविवाद संघाची कर्णधार होते, कॉलेजात कायदा शिकत होते आणि नुकतीच प्रेस्टनच्या संघाला त्यांच्याच सभागृहात लोळवून आले होते. दोन वर्षांपूर्वी हजेरीला 'येस मिस' म्हणतानाही माझा आवाज फुटत नसे. आता तो बंद कसा करायचा, हे आईला कळत नव्हतं.

आमची बाजू स्वच्छ होती. नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी दुपारी आम्ही समुद्राजवळच्या दुकानांमागे गाडी लावली. तिथे दोन तास फुकट असतात. खांबावरचा कॅमेरा येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या नंबराचा फोटो काढतो. आम्ही पैसे द्यायच्या रांगेत असताना वृद्धाश्रमातून फोन आला, आजोबा खोलीत नाहीत. पिशव्या काउंटरवरच टाकून आम्ही गाडी काढली आणि खाडीकाठच्या हेस्ट बँक गावी गेलो, कारण आजोबा दुसरीकडे जाणारच नाहीत. क्लिफर्ड बर्केट यांनी चाळीस वर्षं त्या खाडीत कोळंबी पकडली. आता त्यांना माझं नाव आठवत नसे, पण ओहोटीची वेळ पाठ होती. ते सपाता घालून पार लांब वाळूत उभे होते, आणि त्यांच्या पाठीमागून भरतीचं पाणी गुपचूप वळसा घालत होतं. आईनं एक हात धरला, मी दुसरा. चिखलानं माझा एक बूट गिळला. त्यांना परत पोचवलं, पिशव्या घ्यायला पुन्हा दुकानात आलो, मग घरी.

कॅमेऱ्यानं आमचं पहिलं येणं टिपलं आणि शेवटचं जाणं टिपलं. मधलं जाणं-येणं त्याला दिसलंच नाही. कंपनीचं म्हणणं, गाडी सगळा वेळ तिथेच होती, दोन तासांच्या वर, म्हणून दंड.

वृद्धाश्रमानं दोन ओळी लिहून दिल्या असत्या तर खटला तिथेच संपला असता. पण तिथल्या मॅनेजरबाईंनी तोंडावर सांगितलं की आमच्याकडून म्हातारी माणसं हरवत नाहीत, त्या दिवशी कुणीही बाहेर गेलेलं नाही. आई त्यांना जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग मी ठरवलं, पाट्यांवरून भांडायचं. गाडी लावली म्हणजे पाटीवरचे नियम मान्य, हाच कंपनीचा करार; पण ती अक्षरं वाचताच येत नसतील तर करार झाला कसा? फोटो काढायला मी पार्किंगमध्ये गेले तेव्हा भुरभुर पाऊस पडत होता. आमची गाडी त्या दिवशी जिथे होती ती जागा मोकळी होती. गर्दी असूनही मोकळी. एक म्हातारी बाई गाडी वळवून तिथे शिरायला लागली, कचकन थांबली, समोर बघून 'सॉरी' म्हणावं तसा हात वर केला आणि मागे गेली. तिच्यानंतर आलेल्या व्हॅनवाल्यानंही तेच केलं. मी जवळ गेले. गाडीएवढा डांबराचा तुकडा कोरडा होता.

मी पाट्यांचे फोटो काढले. अक्षरं खरंच बारीक होती.

त्याच आठवड्यात आजोबांची काळजी घेणाऱ्या मारिसेलनं मला दारातच अडवलं. फिलिपिन्सची ही बाई कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. आम्ही आजोबांना न सांगता बाहेर नेतो, असं तिचं म्हणणं. त्यांच्या सपाता ओल्या असतात, अंथरुणात वाळू सापडते. मी म्हणाले, आम्ही रविवारशिवाय आलेलोच नाही. तिनं मला पँट दाखवली. गुडघ्यापर्यंत मिठाची पांढरी रेघ होती.

तारीख जवळ आली तशी रेघ वर चढत गेली. सुनावणीच्या आधीच्या रविवारी ती कमरेच्या वर होती. आजोबा टीव्हीवर घोड्यांची शर्यत बघत होते. नजर न हलवता ते आईला म्हणाले, "लोरेन, निघालात ना गं? पाय रुतलेत माझे."

"इथेच आहोत बाबा," आई म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही.

परतताना आई गाडीत रडली आणि नंतर माझ्यावरच खेकसली. तुला सगळी मजाच वाटते, म्हणाली. खरं सांगायचं तर वाटत होती.

कोर्ट म्हणजे एक छोटी खोली आणि लांब टेबल. न्यायाधीश करड्या केसांच्या बाई होत्या. आईच्या वतीनं मी बोलायला त्यांनी परवानगी दिली. समोर कंपनीचे मिस्टर एंट्विसल. मी प्रत्येक पाटीचं माप घेऊन आले होते, त्यांनी फायलीचा बंदसुद्धा सोडला नव्हता.

"शाळा बुडवून आलीस?" त्यांनी विचारलं.

"हरायला तुम्ही काम बुडवून आलात, तसंच," मी म्हणाले. आईनं टेबलाखालून लाथ घातली.

ते न्यायाधीशांना म्हणाले, आमचा मुद्दा एकच आहे. गाडी बाहेर गेली नाही. मिसेस बर्केट आणि त्यांची मुलगी बाहेर गेल्या नाहीत. हेच वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं, दर वेळी जरा हळू. न्यायाधीशांनी मला विचारलं, बाहेर गेल्याचा काही पुरावा?

नव्हता. आणि तेव्हा मला तो डाव सुचला. वादविवादात हा माझा हुकमी एक्का. समोरच्याचा मुद्दा त्याला देऊन टाकायचा आणि तरीही जिंकायचं.

"वादापुरतं मान्य करते, मॅडम," मी म्हणाले. "आम्ही तिथून हललोच नाही असं धरा. तरी पाटी वाचता येत नाही, म्हणजे करारच नाही."

आईनं माझं मनगट पकडलं. "कीली, असं नको म्हणूस."

"आई, गप्प. जिंकतोय आपण."

"बाहेर गेला नाहीत, हे मान्य?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मान्य."

मिस्टर एंट्विसलनी पेनाला टोपण लावलं. पाट्यांबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. आईचा हात माझ्या मनगटावरून सुटला, अगदी सावकाश, झोप लागल्यावर सुटतो तसा.

दावा फेटाळला गेला. घर वाचलं.

मी जिन्यावरून उड्या मारत उतरले. गाडीत बसल्याबसल्या म्हणाले, आधी आजोबांकडे जाऊ, त्यांना कळलं नाही तरी सांगू.

"हो, तिकडेच चाललेय," आई म्हणाली.

पण वृद्धाश्रमाचं वळण मागे पडलं. मी तसं म्हटलं तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घाणेरडा विनोद केला होता.

"आज तरी नको, कीली."

"काय नको?"

"फोन आला तेव्हा आपण तिथे गाडीत बसून चिप्स खात होतो. येतील परत, म्हणालो. हललो नाही." तिचा आवाज सपाट होता. "आत्ताच सांगितलंस ना सगळ्यांसमोर? बास झालं मग."

मी मारिसेलला फोन लावला. ती नम्रपणे म्हणाली की ती खोली हिवाळ्यापासून एका बाईंची आहे, आणि झाल्या गोष्टीचं तिला आजही वाईट वाटतं.

समुद्राकाठी आईनं गाडी थांबवली. खाडीकडे तोंड केलेल्या बाकांपैकी तिसऱ्याकडे ती सरळ चालत गेली. हा बाक मी कधी पाहिला नव्हता. पाठीवर पितळी पट्टी होती, क्लिफर्ड बर्केट यांच्या स्मरणार्थ, खाली नोव्हेंबरातल्या त्या शनिवारची तारीख. पितळ इतकं घासलेलं होतं की अक्षरं गुळगुळीत झाली होती. आईनं खिशातून पिवळं फडकं काढून माझ्यापुढे धरलं.

"आज तुझी पाळी."

मी पुसायला लागले. डावीकडचा स्क्रू वर आलेला होता, त्याची धार बोटाला लागते. माझ्या बोटानं ती न बघताच चुकवली.