चिमणाबाईचं कार्ड

१९७९ साली बी.एस्सी. होऊन मी नाशकात नोकरी शोधत होतो. शरणपूर रोडला राहणाऱ्या गांगुर्डे सरांनी मला मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. त्यांचा प्रबंध म्हणजे अर्धी कादंबरी, अर्धं तत्त्वज्ञान. प्रश्न एकच: संपूर्ण कल्पित माणूस लिहिता येतो का? सर एका कार्डावर एक माणूस लिहीत, पत्त्यासकट. त्या पत्त्यावर जायचं आणि असं कुणी नाही याची खात्री करायची, हे माझं काम.

आठ वेळा कुणी नव्हतं. नववं कार्ड सिन्नरचं होतं. चिमणाबाई, विधवा, विड्या वळते, उजव्या भुवईत एक पांढरा केस.

ती दारातच बसली होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. भुवईत पांढरा केस.

"गांगुर्डे सर कधी आले होते इथं?"

"कोन सर? मुकादमाबिगर कुनी येत नाय हितं. सरकारी हाय का भाऊ तुम्ही?"

मला सरांचाच संशय आला. खरी बाई पाहून यायची आणि कल्पित म्हणून खपवायची! मी पडताळा घ्यायचं ठरवलं. तिची दहाही बोटं मी पाहिली होती. कार्डावर मी सरांच्या पेनाने एक ओळ वाढवली: 'डाव्या हाताला करंगळी नाही.' बाईला पाहिलेला माणूस ही चूक लगेच पकडेल.

सरांनी कार्ड वाचलं. म्हणाले, "पुन्हा जाऊन ये."

पुढच्या रविवारी तिला नऊ बोटं होती. जखम नव्हती. करंगळीच्या जागी जुनी, गुळगुळीत कातडी.

"ल्हानपनी चरकात गेली. मागल्या रविवारी बी हेच इचारलं तुम्ही. लय इसरभोळे!"

मी विचारलं नव्हतं.

"नऊ बोटांनी हात चालत नाय," ती म्हणाली. "मुकादम पुढल्या हप्त्यापासून पानं देनार नाय."

"मग खाणार काय?"

"तंबाखू," ती हसली. मग हसू थांबलं.

मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"ओळ कुणाची?"

"माझी."

"मग मला काय विचारतोस?"

मी पट्टी ठेवून ओळ खोडली. खाली लिहिलं: 'डाव्या हाताला पाच बोटं आहेत.'

तिसऱ्या रविवारी तिच्या सुपात पानांचा ढीग होता. हात भराभर चालत होते. माझा जीव भांड्यात पडला.

"डावा हात बघू."

"का? लगीन जमवता माझं?"

तिने हात पुढे केला.

पाच बोटं होती.

पाचवं सरळ होतं, सगळीकडून सारखं. त्याला पेरं नव्हती. नख नव्हतं.

तेवढं मी लिहिलं नव्हतं.