बद्द वाजणारा दगड

पाथरवटाचं त्या दुपारचं काम तसं चिमूटभर होतं. वाचनालयासमोरच्या स्मारकावर एक नाव कोरायचं राहिलं होतं, तेवढं उरकून दिवेलागणीच्या आत घर गाठायचं. अडचण एकच, ते नाव त्याच्या दादाचं होतं.

लहानपणी हातोडीखाली चेचून अर्धी तर्जनी गमावलेला दादा लढाईवर गेला, तो परतलाच नाही. प्रेत नाही, खबर नाही, नुसता 'बेपत्ता'. बाकीच्यांची नावं दगडावर लागली, पण दादाची जागा आईने मोकळी ठेवायला लावली. आणि घराच्या दाराला तेव्हापासून कडी लावू दिली नाही. "अवेळी आला तर ताटकळेल ना तो!" चोरांनी एकदा घर धुऊन नेलं तरी म्हातारीचा हेका कायम. रात्र रात्र दारापाशी बसायची. नाव कोरलं की ती कडी लावेल, निवांत झोपेल, एवढीच पाथरवटाची आस होती. अखेर आज सकाळी ती म्हणाली, "कोर बाबा. पण आधी दगड वाजवून बघ."

ही त्यांच्या घरातली रीत. चांगला दगड खणखणतो, आतून पोकळ असला तर बद्द वाजतो.

त्याने स्मारकाच्या शिळेवर हातोडी हलकेच ठोकत नेली. दगड खणखणला. मोकळ्या जागेवर मात्र... बद्द.

"काय म्हणतोय दगड?" बाकावर ऊन खात बसलेल्या म्हाताऱ्या सैनिकाने विचारलं. दादाच्याच तुकडीतला तो.

"काका, इथं पोकळ आहे."

"अखंड शिळा ती! तूच निवडलीस ना?"

निवडली होती, वाजवूनच. पाथरवट मागच्या बाजूला गेला, तिथे खणखणाट. मग त्याने मोकळ्या जागेला कान लावला. ओल्या मातीचा वास आला. आतून कुणीतरी हलकेच टकटक करत होतं. थोडं थांबून, जरा खाली सरकून, पुन्हा. दगड वाजवून बघावा तशी.

भीती वाटायला हवी होती. त्याला वाटलं ते कुतूहल.

"दादा...?"

टकटक थांबली. त्याने छिन्नी लावली. अक्षरं खोल गेली तसा दगडाचा भुगा ओलसर निघू लागला. शेवटचा काना कोरून त्याने पुन्हा हातोडी ठोकून बघितली. खणखणीत!

"पोकळ होतं ते गेलं कुठे, काका?"

म्हातारा हसला नाही. काठी उचलून तो घाईने निघून गेला.

घरी आई दारात उभी होती. चेहरा इतका शांत त्याने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"कोरलंस?"

"हो." त्याला भरून आलं. हात धुवायला तो वळला, तर खुंटीवरचा टॉवेल आधीच कुणीतरी वापरलेला. त्यावर करड्या, ओल्या भुग्याचा पंजा उमटला होता. तर्जनी अर्धीच.

"आई... कोण आलं होतं?"

"हळू बोल. दमलाय तो, आत निजलाय." ती हसली. "आता कडी लाव."

हेच ऐकायला तो इतकी वर्षं थांबला होता. त्याने कडी लावली.

आतल्या खोलीत कुणीतरी बोटाने भिंत वाजवून बघत होतं. पाथरवटानेच बांधलेली, भरीव दगडाची भिंत. ती बद्द वाजत होती.