चार वाजताची फुली

टिंग...

वाटीवर चमचा वाजला. घरात मी आणि झोपलेली माझी चार वर्षांची लेक, दोघीच होतो.

परवा दुपारची गोष्ट. पटो न पटो, घडलंय हे असंच. लेक आत्ता माझ्या मांडीवर झोपलीय, मी एका हाताने लिहितेय. मधूनच तिची पापणी वर करून बघते. डोळे पांढरे आहेत ना...

मागच्या वर्षी आमचं बाळ पाच महिन्यांचं होतं. साधा ताप आला. औषधाचे थेंब चमचाभर दुधात कालवून दिवसातून तीनदा द्यायचे. चुकून दोघींकडून दिलं जाऊ नये म्हणून फ्रिजवर तासांचे रकाने आखलेला कागद लावला. मी दिलं की बरोबरची खूण, सासूबाईंनी दिलं की गोल.

चौथ्या दिवशी बाळाचे डोळे पिवळे झाले. हलवलं तरी जागं होईना.

"यकृत निकामी होतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरातलं सगळं औषध आणा. तो कागदही."

कागदावर आमच्या खुणा होत्या. गोल होते.

आणि रोज दुपारी चारच्या रकान्यात... एक बारीक फुली.

"ही कोणाची?"

सासूबाई माझ्यावर उसळल्या. "एवढी शिकलीस ना? रोज चौथा डोस जातोय, दिसलं नाही तुला?"

"अहो आई, चारला मी अंघोळीला असते. बाळ तुमच्यापाशी असतं!"

"म्हणजे मी घातलं होय गं त्याला विष?"

बाटली तपासली. औषध तीन वेळचंच कमी झालं होतं. रक्तातही जास्त निघालं नाही. विषाणू नाही, जन्मजात दोष नाही.

"कधी कधी कारण सापडतच नाही," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

सहाव्या दिवशी बाळ गेलं. शेवटचा पापा घेतला तेव्हा कपाळ अजून कोमट होतं.

त्या दिवसापासून सासूबाई माझ्या हातचं पाणी पीत नाहीत. खरं सांगते, मीही त्यांच्या हातचं लेकीला खाऊ देत नाही.

पण परवा त्या नणंदेकडे होत्या.

घड्याळात पाहिलं. चार.

टिंग... टिंग...

स्वयंपाकघरात कुणीच नव्हतं. ओट्यावर वाटी. त्यात दुधाने ओला चमचा...

अजून थरथरत होता.

मी धावत खोलीत आले. लेक उठून बसली होती. गालाला हात लावला. चटका बसला.

"आई," दाराकडे बघत तिने विचारलं, "बाळ तर गेलं ना? मग ती आता कुणासाठी कालवतेय?"